टॅली नाट्यात, ताई पुण्यात!

"मी उद्या नाट्याला चाललेय" असं म्हटलं की आमच्या होस्टेलवर हमखास कुणीतरी विचारतं, "कुठलं नाटक गं?" म्हणून आधीच सांगून टाकते. नाटे हे आमचं गाव. रत्नागिरी जिल्हा, राजापूर तालुका. खाडीच्या तोंडाशी वसलेलं. गावात यशवंतगड आहे, शेजारी साखरी नाट्याची मच्छीमारांची मोठी वस्ती आहे आणि खाडीपलीकडे जैतापूर. माझं शिक्षण रत्नागिरीच्या कॉन्व्हेंटमध्ये झालं, गावाला मी फक्त सुट्टीत जायची. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर मराठी विभागाच्या संपादकांनी त्या पोटात घालाव्यात!

लेखाचा विषय तसा कोरडा आहे. फक्त विंडोजवर चालणारा धंद्याचा प्रोग्रॅम मॅक वापरणाऱ्या माणसाला दुरून कसा वापरायला द्यायचा? परीक्षेत हा प्रश्न आला तर आपण दोन-चार ओळी लिहून मोकळे होतो. मला मात्र तो घरच्यांनी विचारला, आणि तिथे ऑप्शनला टाकायची सोय नव्हती.

वही इथे, हात तिथे

नाट्याला आमच्या काकांचं दुकान आहे. जाळी, दोर, बोया, शिसं, होड्यांच्या इंजिनाचे सुटे भाग असा सगळा माल. या दुकानाचा जमाखर्च ताई (माझी चुलत बहीण) बारावीपासून टॅलीत लिहायची. गेल्या मे महिन्यात तिचं लग्न झालं आणि ती पुण्याला गेली. काकांना मुलीच्या लग्नाचा आनंद होता, पण पाठोपाठ चिंताही होती. आता हिशेब कोण लिहिणार?

ताई म्हणाली, "मीच लिहीन. आणि पगारही घेईन."

काका म्हणाले, "अगं, वही इथे आणि हात तिथे, असं कसं जमेल?"

त्यात आणखी एक गंमत. पुण्याच्या घरी ताईला मिळाला भावजींचा जुना मॅकबुक एअर. आणि टॅली मॅकवर चालत नाही! मग सगळ्यांच्या नजरा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला असलेल्या माझ्याकडे वळल्या.

टॅलीचा जन्मही असाच घरातल्या गरजेतून झाला, हे मला नंतर वाचून कळलं. श्यामसुंदर गोएंका यांचा गिरण्या आणि कारखान्यांना कच्चा माल व यंत्रांचे भाग पुरवण्याचा व्यवसाय होता. हिशेबासाठी मनासारखा प्रोग्रॅम मिळेना, म्हणून त्यांनी मुलाला, भरत गोएंका यांना, तो बनवायला सांगितला. त्यातून १९८६ मध्ये कंपनी उभी राहिली. तेव्हा टॅली डॉसवर चालायची, पुढे ती विंडोजवर आली. २०२० मध्ये तिचं 'टॅलीप्राइम' हे नवं रूप आलं, तेही विंडोजसाठीच.

मॅकवर का चालत नाही?

काकांनी मला विचारलं, "दोन्ही कॉम्प्युटरच ना? मग?" प्रश्न रास्त आहे.

कुठलाही प्रोग्रॅम एकट्याने काम करत नाही. फाइल उघड, पडद्यावर चौकट काढ, प्रिंटरला कागद पाठव, अशी प्रत्येक मागणी तो ऑपरेटिंग सिस्टिमकडे करतो. टॅली या मागण्या विंडोजच्या भाषेत करते. मॅकची ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी, तिला ती भाषा कळत नाही. आपल्या घरात आजोबांचे मोडीतले कागद असतात ना, तसं. कागद तोच, शाई तीच, पण वाचणाऱ्याला मोडी येत नसेल तर काय उपयोग?

यावर चार उपाय निघतात. मी एकेक तपासला.

पहिला, मॅकवरच विंडोज टाकणं. इंटेल प्रोसेसरच्या मॅकवर ॲपलने २००६ पासून 'बूट कॅम्प'ची सोय दिली होती. २०२० च्या नोव्हेंबरात ॲपलचा स्वतःचा एम-१ प्रोसेसर आला आणि त्या मशीनवर ही सोय राहिली नाही. ताईचा मॅक एम-१ वाला. उपाय बाद.

दुसरा, व्हर्च्युअल मशीन. म्हणजे मॅकच्या पोटात एक खोटा कॉम्प्युटर तयार करायचा आणि त्यात विंडोज चालवायचं. 'पॅरलल्स' नावाचा प्रोग्रॅम हे करतो, आणि एआरएम प्रोसेसरसाठीचं विंडोज ११ त्यात चालवायला मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये अधिकृत मान्यताही दिली. पण त्याला पैसे पडतात, आणि आठ जीबी मेमरीत दोन ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे आमच्या होस्टेलच्या एका खोलीत दोन खोल्यांची मुलं!

तिसरा, 'वाइन'. हा विंडोजच्या मागण्यांचं जागच्या जागी भाषांतर करणारा दुभाष्या आहे. १९९३ पासून लोक त्यावर काम करतायत. पुष्कळ प्रोग्रॅम त्यावर छान चालतात, पण काकांचा जमाखर्च मी प्रयोगासाठी वापरणार नव्हते.

शिवाय या तिन्ही उपायांत एक मोठीच अडचण आहे. समजा पुण्यात टॅली चालली, तरी आकडे कुठे आहेत? ते नाट्याच्या कॉम्प्युटरवर. काकू काउंटरवर बिलं करते ती तिथेच. मग रोज फाइल इकडून तिकडे पाठवायची? दोघींनी एकाच दिवशी आपापल्या फाइलमध्ये लिहिलं तर खरी वही कोणती? लग्नानंतर लगेच सासर-माहेरच्या दोन वह्या झाल्या असत्या!

राहिला चौथा उपाय. वही हलवायचीच नाही. टॅली नाट्याच्याच कॉम्प्युटरवर चालू द्यायची आणि ताईला तिथे 'नेऊन बसवायचं'.

प्रवास कोण करतं?

याला म्हणतात रिमोट डेस्कटॉप. कल्पना जुनी आहे. एका मोठ्या कॉम्प्युटरला अनेक टर्मिनल जोडायची पद्धत आपल्या जन्माच्या कितीतरी आधीची. विंडोजमध्ये एका मशीनवर अनेकांना बसवण्याचं तंत्र सिट्रिक्स कंपनीने विकसित केलं, मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये त्याचे हक्क घेतले आणि १९९८ मध्ये विंडोज एनटी ४.० ची 'टर्मिनल सर्व्हर' आवृत्ती काढली. २००१ च्या विंडोज एक्सपी प्रोफेशनलपासून ते साध्या कॉम्प्युटरवरही आलं.

यात नेमकं काय होतं ते नीट समजून घ्या, कारण लेखाचा गाभा हाच. ताई पुण्यात एक की दाबते. ती की दाबल्याची इवलीशी बातमी इंटरनेटवरून नाट्याला जाते. तिथली टॅली ती ऐकते, आकडा लिहिते आणि तिच्या पडद्यावर बदल होतो. पडद्याचा जेवढा भाग बदलला तेवढ्याचंच चित्र, दाबून लहान केलेलं, पुण्याला येतं. बस्स. जाताना बोटांच्या हालचाली, येताना चित्र. हिशेबाची फाइल नाट्याचा उंबरा ओलांडत नाही. मॅकला टॅली समजण्याची गरजच उरत नाही, त्याला फक्त चित्र दाखवता आलं पाहिजे.

म्हणूनच याला फार मोठं कनेक्शन लागत नाही. टॅलीचा पडदा म्हणजे बरीचशी अक्षरं आणि आकडे, सिनेमा नव्हे. स्पीडपेक्षा इथे महत्त्वाचा असतो विलंब, ज्याला आपण गेम खेळताना 'पिंग' म्हणतो. की दाबल्यावर अक्षर उमटायला फार वेळ लागला तर माणूस वैतागतो. पुणे ते नाटे मी मोजलं तेव्हा ४० मिलिसेकंदांच्या आसपास होतं. ताईला काही फरकच जाणवला नाही.

दुसरा फायदा आम्हाला पावसात कळला. मध्येच पुण्याचं नेट गेलं तरी अर्धवट लिहिलेलं व्हाउचर नाट्याच्या मशीनवर तसंच उघडं राहतं. परत जोडलं की पुढे सुरू. याउलट टॅलीची फाइल इंटरनेटवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवून दुरून उघडली असती आणि लिहिता लिहिता लाइन तुटली असती, तर फाइलच खराब होण्याचा धोका होता.

जोडणी

आता कामाचं. दुकानातल्या कॉम्प्युटरवर विंडोजची 'प्रो' आवृत्ती लागते. 'होम' आवृत्तीवर बाहेरून असं बसता येत नाही. सेटिंग्जमध्ये रिमोट डेस्कटॉप चालू करायचं आणि ताईच्या नावाचं खातं काढून त्याला परवानगी द्यायची. मॅकवर मायक्रोसॉफ्टचंच फुकट ॲप मिळतं. त्याचं नाव पूर्वी 'मायक्रोसॉफ्ट रिमोट डेस्कटॉप' होतं, २०२४ च्या सप्टेंबरपासून ते 'विंडोज ॲप' झालं.

साध्या विंडोजवर एका वेळी एकच जण बसू शकतो. ताई आत आली की काउंटरवरचा पडदा लॉक होतो. इंटरनेटवर यावर 'जुगाड' सापडतात, पण ते लायसन्सच्या अटी मोडणारे आहेत. दहा-वीस मॅकवाल्यांना एकदम बसवायचं असेल तर विंडोज सर्व्हर आणि प्रत्येकासाठी रिमोट डेस्कटॉपचं लायसन्स घ्यावं लागतं, आणि टॅलीचंही अनेकांसाठीचं लायसन्स. तिथे 'रिमोट ॲप' नावाची छान सोय असते. अख्खा डेस्कटॉप न दिसता फक्त टॅलीची खिडकी मॅकवर उघडते. (आपल्या कॉलेजच्या ऑफिसने नोंद घ्यावी!)

आमच्याकडे प्रश्न कोकणानेच सोडवला. दुपारी एक ते चार दुकान बंद, काका-काकू वामकुक्षी घेतात. ती वेळ ताईची.

पहिल्या दुपारी मात्र हसून हसून पुरेवाट झाली. टॅलीत विक्रीच्या व्हाउचरसाठी एफ-८ दाबतात. ताईने मॅकवर एफ-८ दाबलं आणि गाणं सुरू झालं! कारण मॅकवर त्या कीवर गाणं चालू-बंद करायचं बटण असतं. खरेदीसाठी एफ-९ दाबलं तर पुढचं गाणं! मग मॅकच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये जाऊन वरच्या ओळीतल्या कीज साध्या फंक्शन की म्हणून वापरायचा पर्याय निवडला. ऑल्टच्या जागी ऑप्शन, आणि कंट्रोलच्या जागी कंट्रोलच (कमांड नव्हे!) दाबायचं, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

माझी घोडचूक

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, मुलगी हुशार आहे. थांबा.

पुण्यातून नाट्याचा कॉम्प्युटर सापडायचा कसा? दुकानाच्या फायबर कनेक्शनला पब्लिक आयपी पत्ता होता. मी राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलं. रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट असतं ३३८९. "बाहेरून ३३८९ वर कुणी आलं की त्याला दुकानातल्या कॉम्प्युटरकडे पाठव," असं राउटरला सांगितलं. पाच मिनिटांचं काम! खात्याचं नाव ठेवलं 'टॅली'. आणि मी ऐटीत होस्टेलवर परतले.

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत आपल्याकडे यांत्रिक मासेमारीला बंदी असते. हंगाम तोंडावर आला की सगळे नाखवा जाळी-दोरासाठी दुकानात येतात. म्हणजे जुलैची बिलं सगळ्यात जास्त. त्या विक्रीचं जीएसटीआर-१ विवरणपत्र ११ ऑगस्टपर्यंत भरायचं असतं. ते चुकलं तर आमच्याकडून माल नेणाऱ्या छोट्या दुकानदारांचं त्या महिन्याचं क्रेडिट अडकतं. काकांच्या दृष्टीने तो शब्दाचा प्रश्न.

१० ऑगस्टच्या रात्री ताईचा फोन आला. "अगं, आत शिरताच येत नाहीये. खातं लॉक झालंय म्हणतं." दहा मिनिटं थांबलो. पुन्हा लॉक. पुन्हा थांबलो, पुन्हा तेच. ताई रडवेली झाली. "उद्या शेवटची तारीख, आणि बाबा म्हणतील, बघ, मी सांगितलं होतं."

मी काकूला फोन लावला. तिला तिच्या खात्यातून इव्हेंट व्ह्यूअर उघडायला लावलं आणि काय दिसतं ते वाच म्हटलं. काकू एकेक अक्षर लावून वाचत होती, "ॲन अकाउंट फेल्ड टू लॉग ऑन." त्याखाली परत तेच. त्याखाली परत तेच. ती म्हणाली, "अगो, हे संपतच नाही. किती खाली जाऊ?"

माझ्या पोटात गोळा आला. आमच्या दुकानाचं दार कुणीतरी सतत ठोठावत होतं. आमच्याशी वैर म्हणून नव्हे. इंटरनेटवर असे प्रोग्रॅम सतत फिरत असतात, जे प्रत्येक पत्त्यावर जाऊन ठराविक पोर्ट उघडं आहे का ते बघतात. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 'झेडमॅप' नावाचा प्रोग्रॅम लिहून दाखवून दिलं होतं की आयपीव्ही-४ चे सगळे पत्ते एका पोर्टसाठी ४५ मिनिटांत तपासता येतात. जगाच्या नकाशावर नाटे सापडत नसेल, पण या यादीत ते सापडतं!

पोर्ट उघडं दिसलं की 'ॲडमिन', 'युजर', 'टॅली' अशा नेहमीच्या नावांनी पासवर्ड लावून बघतात. विंडोज ११ च्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं दहा मिनिटं बंद होतं. म्हणजे ज्या कुलपाने चोराला अडवलं, त्यानेच ताईलाही बाहेर ठेवलं. नशीब, ते कुलूप होतं! नाहीतर हिशेब कुलूपबंद करून खंडणी मागणारे लोक उघड्या रिमोट डेस्कटॉपमधूनच आत शिरतात. कधी पासवर्डचीही गरज नसते. २०१९ च्या मे महिन्यात उघड झालेली 'ब्ल्यूकीप' ही चूक पासवर्डशिवाय आत नेणारी होती. ती इतकी गंभीर होती की मायक्रोसॉफ्टने तेव्हा सपोर्ट संपलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली.

त्या रात्री काकूने फोनवर माझ्या सांगण्याप्रमाणे राउटरमधलं ते फॉरवर्डिंग काढून टाकलं. अर्थात ताईचाही रस्ता बंद झाला. मग उरलेली बिलं ताई फोनवर सांगत गेली आणि काकू टॅलीत लिहीत गेली. दुसऱ्या दिवशी विवरणपत्र भरलं गेलं. ओटीपी काकांच्या मोबाइलवर आला तेव्हा ते फक्त "झालं ना?" एवढंच म्हणाले. मला ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

तटाला भोक नको

शनिवारी मी एसटीने नाट्याला गेले आणि काम नीट केलं. दार रस्त्यावर उघडायचंच नाही, हे तत्त्व. त्यासाठी व्हीपीएन लागतं. मी 'वायरगार्ड' वापरलं. ते फुकट आहे, २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, आणि विंडोज-मॅक दोन्हींसाठी मिळतं. यात दोन्ही मशीनकडे किल्ल्यांच्या जोड्या असतात. ताईच्या मॅकची सार्वजनिक किल्ली दुकानाच्या मशीनला माहीत आहे, दुकानाची ताईच्या मॅकला. वायरगार्डसाठीही राउटरमध्ये एक पोर्ट द्यावं लागतं, पण ओळखीची किल्ली नसेल तर ते उत्तरच देत नाही. "इथे कुणी राहत नाही" असंसुद्धा म्हणत नाही. ठोठावणाऱ्याला समोर भिंतच भासते. ओळख पटली की दोन मशीनमध्ये खाजगी बोळ तयार होतो आणि रिमोट डेस्कटॉप त्या बोळातून चालतं.

ज्यांच्या कनेक्शनला स्वतःचा पब्लिक आयपी नसतो (मोबाइल इंटरनेटवर बहुतेकदा अनेकांत मिळून एक असतो), त्यांच्यासाठी 'टेलस्केल'सारख्या सेवा आहेत. त्यात दोन्ही मशीन आतून बाहेर हाक मारतात आणि मध्यस्थ त्यांची गाठ घालून देतो.

बाकी शिस्त अशी. खात्याचं नाव ओळखता येणार नाही असं, पासवर्ड लांब. विंडोजचे अपडेट वेळेवर (विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे विसरू नका). टॅलीचा बॅकअप रोज, आणि एक प्रत मशीनपासून वेगळी. कॉम्प्युटर झोपी जाणार नाही असं सेटिंग. आणि कोकणात असाल तर बायोसमध्ये 'वीज परत आल्यावर आपोआप चालू हो' हा पर्याय! कॉम्प्युटर यूपीएसवर आणि राउटर विजेवर ठेवलात तर उपयोग शून्य, म्हणून राउटरही इन्व्हर्टरवर.

आणखी एक. घाईत कुणाच्याही सांगण्यावरून मोबाइलवर स्क्रीन शेअर करणारं ॲप घेऊ नका. अशा ॲपमधून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच सावध केलं होतं. दुरून आत येण्याची सोय आणि दुरून लुटण्याची सोय यांत तंत्रज्ञान एकच असतं. किल्ली कुणाकडे आहे, एवढाच फरक.

आणि शेवटी...

दिवाळीत घरी गेले होते. दुपारची वेळ, दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं, काका बाकावर आडवे. एकदम काउंटरवरचा प्रिंटर कर्र कर्र करत सुरू झाला. (टॅली नाट्यात चालते, म्हणून ताईने पुण्यात प्रिंट दिली की कागद नाट्यात निघतो!) मी दचकले. काकांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. कूस बदलून म्हणाले, "पोरगी कामाला बसली."

ताईला दर महिन्याच्या एक तारखेला पगार जातो. काका स्वतः पाठवतात, आणि त्याची नोंद ताई स्वतःच टॅलीत करते. एफ-५ दाबून!